जखमी जवानांच्या पुनर्वसन केंद्रात झाडं, ऊन, माती नेमकी कशी आणायची: खाटेपासून बागेपर्यंत सगळं

काही वर्षांपूर्वी एक पुनर्वसन केंद्र बघायला गेले होते, नाव सांगत नाही. लॉन गालिच्यासारखं, कडेने गुलाब, मधे कारंजं, सकाळचे साडेसात म्हणजे बागेत बसायची खरी वेळ, आणि बागेत माणूस एकही नाही. वॉर्डच्या दारापाशी एक जवान व्हीलचेअरवर होता, तिशीच्या आतला. दाराला सरकत्या काचेचा अ‍ॅल्युमिनियम ट्रॅक, फरशीपासून असेल दोन-अडीच सेंटीमीटर वर. त्याने पुढची छोटी चाकं उचलून बघितली एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा चाक ट्रॅकमधे आडवं बसलं. मग कुणी बघतंय का म्हणून इकडेतिकडे नजर टाकली आणि खुर्ची मागे घेऊन आत निघून गेला. हाक मारली असती तर वॉर्डबॉय आला असता, पण त्याला हाक मारायचीच नव्हती.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. पेशंटला कुणाला न विचारता, कुणाची वाट न बघता, स्वतःच्या जोरावर झाडाखाली पोचता आलं पाहिजे, रात्री दोन वाजता सुद्धा. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे, आणि आर्किटेक्ट, हॉस्पिटलचे इंजिनियर, माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या संस्था, अगदी घरी जखमी जवान असलेलं कुटुंब, सगळ्यांना यातलं काही ना काही वापरता येईल.

आधी थोडं, हे सगळं करायचं कशाला

झाडं बघून बरं वाटतं हे आजी पण सांगायची, पण याच्यावर अभ्यास झालेले आहेत. रॉजर उलरिच यांचा १९८४ चा पेपर प्रसिद्ध आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमधे पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ पेशंटचे जुने रेकॉर्ड त्यांनी तपासले, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार पेनकिलर कमी लागले. इंग्लंडमधे सॅलिसबरीच्या स्पायनल सेंटरला, म्हणजे मणक्याच्या इजेवर उपचार करणाऱ्या केंद्राला, २०१२ मधे हॉरेशिओज गार्डन झालं, त्यामागे हॉरेशिओ चॅपल नावाचा शाळकरी मुलगा होता, तो तिथे स्वयंसेवक होता आणि त्याने सरळ पेशंटनाच विचारलं की तुम्हाला काय हवंय. तो २०११ मधे गेला, बाग त्याच्या नावाने झाली. अमेरिकेत बेथेस्डाच्या लष्करी हॉस्पिटलच्या आवारात ओढ्याकाठच्या जंगलातून अर्धा मैल वाट काढलीय, ग्रीन रोड म्हणतात तिला, जखमी सैनिकांसाठीच.

आणि आपल्याकडे तर पुणं या कामाचं जुनं ठिकाण आहे. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ ला पहिल्या महायुद्धातल्या जखमींसाठी मुंबईत सुरू झाली, मग खडकीला आली. आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ चं, आणि खडकीचंच पॅराप्लेजिक (कमरेखाली अधू झालेल्यांचं) रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ चं. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमधे भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले. उपचार भिंतींच्या बाहेर पण होतो, एवढं यातून दिसतं.

१. कागदावर रेघ मारायच्या आधी खाटेवर झोपा

खरंच झोपा. अर्धा तास, उशी एक, मान वळवायची नाही. काय दिसतं? ट्यूबलाइट आणि पंखा. मग व्हीलचेअर घ्या आणि एक पूर्ण दिवस त्यातच काढा, चहा, जेवण, टॉयलेट सगळं. डिझाइनच्या टीममधल्या प्रत्येकाने हे केल्याशिवाय मी मीटिंग पुढे नेत नाही.

मग डॉक्टर आणि फिजिओंबरोबर बसून केंद्रात कोण आहेत त्याची यादी करा, कारण "जखमी जवान" हा एक माणूस नसतो. मणक्याची इजा असलेल्याला घाम नीट येत नाही, कमरेखालचं काही जाणवत नाही. पाय गेलेल्याला स्टंप (पायाचा उरलेला भाग) आणि सॉकेट (कृत्रिम पायाची खोबण) यांच्या मधे घाम साचून त्रास होतो. डोक्याला मार लागलेल्याला चकाकी आणि गोंधळ सहन होत नाही, तो वाट विसरतो. भाजलेल्याच्या नव्या त्वचेला ऊन चालत नाही. स्फोटात डोळे गेलेल्याला वास आणि आवाज हेच पाट्यांचं काम करतात. आणि मनाला लागलेलं बाहेरून दिसत नाही, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. यांच्या गरजा कधीकधी एकमेकांच्या विरुद्ध जातात, म्हणून एकच मोठी बाग करण्यापेक्षा तीन-चार लहान वेगवेगळ्या जागा करा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेशंटना विचारा, पण हॉलमधे साहेबांसमोर बसवून नाही, तिथे सगळे "सब ठीक है" म्हणतील. चहाच्या वेळी एकेकट्याला विचारा.

२. खिडकी आणि खाट

आपल्याकडे खिडकीचा कट्टा सवयीने तीन फुटांवर घेतात. झोपलेल्याला त्यातून फक्त आभाळाचा तुकडा दिसतो. कट्टा दीड-दोन फुटांवर आणा, खालचा भाग पक्क्या काचेचा, वरचा उघडणारा. खाट खिडकीला समांतर न ठेवता थोडी तिरकी ठेवली तर मान न वळवता बाहेरचं दिसतं. ज्याला मान हलवताच येत नाही त्याच्या खाटेला हव्या त्या कोनात फिरणारा आरसा लावा, खर्च अगदी कमी आणि माणसाला अख्खं झाड मिळतं.

बाल्कनीचा कठडा बघा. वरची आडवी पट्टी बरोबर व्हीलचेअरवर बसलेल्याच्या डोळ्यासमोर येते, साधारण साडेतीन-चार फुटांवर, आणि हे उभं राहून डिझाइन करणाऱ्याला कधीच लक्षात येत नाही. पट्टी बारीक ठेवा, खाली उभे गज.

पश्चिमेला वॉर्डच्या मोठ्या खिडक्या नकोत. असतीलच तर खोल छज्जा आणि बाहेरून झाडाची सावली, आतून पडदा लावून उपयोग नाही कारण उष्णता आत येऊन बसलेली असते. उत्तर आणि पूर्व उत्तम.

३. दार आणि ओसरी

इथे आपल्या वाड्यांकडून शिका. वाड्यात घर आणि अंगण यांच्या मधे ओसरी असते, म्हणजे बाहेर पण आहात आणि डोक्यावर छप्पर पण आहे. पेशंटसाठी ही जागा सोन्यासारखी, कारण एसी वॉर्डमधून एकदम उन्हात जाणं शरीराला आणि मनाला दोन्हीला जड जातं. वॉर्डच्या बाहेर किमान दहा फूट रुंद ओसरी घ्या, म्हणजे खाट लावूनही शेजारून व्हीलचेअर जाते. पावसाळ्याचे चार महिने खरी बाग हीच असणार आहे.

दार मोकळं चार फूट मिळालं पाहिजे म्हणजे खाट सरळ बाहेर निघते. उंबरठा शून्य. मग पावसाचं पाणी आत येईल ना, असं काँट्रॅक्टर हमखास म्हणतो. त्याला सांगा की दाराबाहेर जाळीचं गटार घे, ओसरीला बाहेरच्या बाजूला उतार दे आणि छप्पर पुढे काढ. जाळीच्या फटी बारा मिलिमीटरपेक्षा बारीक आणि चालायच्या दिशेला आडव्या, नाहीतर पुढचं चाक अडकलंच. दार ढकलायला हलकं हवं, बटण हातात ताकद नसलेल्याला कोपराने दाबता येईल एवढं मोठं.

आणि बागेतच एक व्हीलचेअरचं टॉयलेट. हे सगळे विसरतात. मणक्याच्या पेशंटला लघवीच्या पिशवीचं बघावं लागतं, आणि छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल तर पिशवी तुंबली किंवा खाली काही टोचत राहिलं तरी बीपी एकदम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. टॉयलेट लांब असेल तर माणूस बाहेर जायचाच नाही, आणि आपण म्हणणार की यांना बागेत रस नाही.

४. वाट

सगळ्यात जास्त डोकं इथे लावा.

मुख्य वाट सहा फूट रुंद, म्हणजे दोन खुर्च्या शेजारी शेजारी गप्पा मारत जातात. साडेतीन फुटांची वाट केली की एकामागे एक जावं लागतं, आणि फौजी माणूस आधीच आयुष्यभर लाइनीत चाललेला आहे, त्याला मित्राच्या शेजारून जाऊ दे की. उतार शक्यतो १:२० पेक्षा सौम्य, रॅम्प लागलाच तर १:१२ ही शेवटची मर्यादा, आणि मधे मधे सपाट टप्पे. दिव्यांगांना वापरता येतील अशा इमारतींसाठीच्या केंद्र सरकारच्या हार्मोनाइज्ड गाइडलाइन्स २०२१ मधे उतारांची मापं दिलेली आहेत, त्या इंजिनियरच्या टेबलावर असू द्या. पाणी जायला आडवा उतार १:५० पुरे, त्याहून जास्त दिला तर खुर्ची सारखी एका बाजूला ओढते आणि एका हाताने खुर्ची चालवणाऱ्याचा खांदा जातो.

पेव्हर ब्लॉक नकोत. स्वस्त आहेत, सगळीकडे मिळतात, पण प्रत्येक सांध्याला चाक खडखडतं आणि त्या धक्क्यांनी मणक्याच्या पेशंटचे स्पॅझम सुरू होतात, पाय आपोआप उडायला लागतात. पॉलिश कोटा पावसात बर्फासारखा. मला सगळ्यात चांगला अनुभव आलाय तो झाडू मारून खरखरीत केलेल्या काँक्रीटचा, रंग मातकट ठेवायचा म्हणजे उन्हात डोळे दिपत नाहीत. कडेला तीन-चार इंचाची कड द्या म्हणजे चाक घसरून वाफ्यात जात नाही. सावलीतल्या वाटेवर जुलैमधे शेवाळ धरतंच, ते आठवड्याला घासायचं काम कुणाच्या तरी ड्यूटीत लिहून ठेवा.

वाट गोल फिरून परत ओसरीला यावी, शेवट बंद नसावा. डोक्याला मार लागलेला माणूस बंद टोकाला पोचला की घाबरतो. प्रत्येक वळणाला लक्षात राहील असं एक वेगळं काहीतरी, इथे चाफा, तिथे तुळशी वृंदावन, पुढे दगडी बाक. बाक दर तीस मीटरला, साधारण अठरा इंच उंच आणि हात असलेला, कारण कृत्रिम पायावरून उठताना हातावर जोर द्यावा लागतो, आणि बाकाच्या शेजारी एक खुर्ची मावेल एवढी मोकळी जागा.

कृत्रिम पायवाल्यांसाठी मात्र उलटं करायचं! त्यांना खडबडीत जमीन हवीच आहे, कारण गावाकडे परत गेल्यावर बांध आहे, शेणाचं अंगण आहे, देवळाच्या पायऱ्या आहेत. म्हणून मुख्य वाटेला फुटलेला एक वेगळा फाटा करा, त्यात दहा-दहा फुटांचे तुकडे, आधी काँक्रीट, मग दाबलेला मुरूम, मग हिरवळ, मग गोटे, वाळू, लाकडी साकव, शेवटी चार पायऱ्या. सुरुवातीच्या भागात दोन्ही बाजूंना कठडा, पुढे एकाच बाजूला, शेवटी नाही. फिजिओला तिथे उभं राहायला सावली द्या म्हणजे तो खरोखर तिथे सेशन घेईल.

५. सावली आणि झाडं

एप्रिल-मे मधे पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, आणि ज्याला घाम येत नाही त्याला ऊन लागायला फार वेळ लागत नाही. म्हणून नियम सोपा: ओसरीपासून प्रत्येक बाकापर्यंत सलग सावली, तुकड्या तुकड्यात नाही. स्टीलचे कठडे आणि काळ्या दगडाचे बाक उन्हात नकोत, पायाला चटका बसला तर त्याला कळतच नाही, संध्याकाळी अंघोळीच्या वेळी फोड दिसतो आणि ती जखम महिनोन्महिने भरत नाही.

झाडं निवडताना एक चूक मी पुष्कळ ठिकाणी बघितलीय. देशी झाडं लावायची म्हणून पळस, पांगारा लावतात. झाडं सुंदरच आहेत, पण मार्चमधे फुलतात तेव्हा अंगावर पान नसतं, म्हणजे नेमकी सावली हवी तेव्हा सावली गायब. ती लांब, नजरेच्या टप्प्यात लावा, बघण्यासाठी. वाटेवर बकुळ लावा, बारमाही गर्द सावली, वाढायला हळू पण एकदा झाली की पिढ्यान् पिढ्या, आणि फुलं खाली पडली की बसल्या जागी वेचता येतात. करंज आणि कडुलिंब पण चांगले, पानं गळतात पण लगेच नवी येतात. बहावा, तामण, कांचन रंगासाठी. वड आणि उंबर मोठ्या आवारात लांब, नाहीतर मुळं वाट उचलतात.

पहिली चार-पाच वर्षं झाडांची सावली मिळणार नाही, तोवर मांडव घाला आणि मधुमालती चढवा. फक्त मांडवाच्या पट्ट्यांची काळी-पांढरी सावली वाटेवर पडू देऊ नका, त्याखालून जाताना डोळ्यासमोर उजेड-अंधार उजेड-अंधार होतो आणि डोक्याच्या पेशंटना, विशेषतः फिट येणाऱ्यांना, ते त्रासाचं होऊ शकतं. वर बांबूची चटई टाका.

काय लावू नका: कण्हेर, धोतरा विषारी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर वाईट. बोगनवेलीचे काटे टायरही फोडतात आणि बधिर कातडीही. सप्तपर्णी पुण्यात रस्तोरस्ती आहे, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला तिचा वास डोकं उठवतो, दम्याच्या माणसाला तर विचारूच नका. वाटेलगत जांभूळ नको, पिकलेल्या फळांवरून कुबडी घसरते. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ, पावसाळ्यात मोडतात. आणि गाजरगवत फुलायच्या आत मुळासकट उपटा, हातमोजे घालून.

६. मातीत हात

आपले बरेच जवान शेतकऱ्यांच्या घरातले. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, कुठेही जा, भाऊ शेती करतो आणि हा फौजेत. त्यामुळे यांच्यासाठी "थेरपी गार्डन" म्हणून शोभेची फुलं लावण्यापेक्षा भाजी लावा. उंच वाफे करा, खाली गुडघे जातील अशी सत्तावीस-अठ्ठावीस इंच मोकळी जागा, वरती माती आठ-दहा इंच, आणि एका बाजूने हात पुरणार असेल तर रुंदी दोन फुटांच्या वर नको. मेथी, कोथिंबीर, मुळा आधी, कारण महिना-दीड महिन्यात हातात काहीतरी येतं. आंबा लावून दहा वर्षं थांबायला इथे कुणाला वेळ नाही.

एका केंद्रात मी वाफ्यात मेथी फेकत होते तर मागून एका हवालदारांचा आवाज आला, "ताई, अशी विसकटून नका टाकू, ओळीत टाका, खुरपायला जागा लागती." त्यांचा उजवा हात कोपरापासून गेलेला. त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने मातीत ओळ ओढली, वाकडी आली, पुसली, परत ओढली. नंतर मला शेजारी बसवून बी किती खोल टाकायचं ते दाखवलं. महिनाभर ज्यांना सगळे जण काही ना काही शिकवत होते ते त्या दिवशी शिकवत होते. वाफे करताना एवढी जागा जरूर ठेवा, शेजारी दुसरा माणूस बसेल एवढी.

खबरदारी साधी आहे. हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं, उघडी जखम असेल तर मातीत हात नाही, ओलं कंपोस्ट उकरायचं काम पेशंटकडे नाही. जाड मुठीची खुरपी, नळाला चकती न ठेवता लांब दांडा.

७. ज्याला हिरवळीचीच भीती वाटते त्याच्यासाठी

याच्यावर फार कमी बोललं जातं. जंगलात घात लागून जखमी झालेल्याला दाट झुडूप म्हणजे शांती नाही, तिथे कुणीतरी दबा धरून बसलेलं असू शकतं. सुरुंगावर पाय पडलेल्याला नुकतीच उकरलेली माती बघून पाऊल उचलत नाही. त्याला "चला जरा निसर्गात" म्हणून बळेबळे नेऊ नका.

बसायच्या जागा अशा करा की पाठीला भिंत किंवा दाट कूड, समोर मोकळं, येणारा माणूस लांबून दिसतो आणि निघायला दोन वाटा आहेत. बसलेल्याच्या नजरेआड करतील अशी झुडपं वाटेलगत नकोत, अडीच फुटांच्या खाली ठेवा, अंधारं वळण नको. खोदकाम त्याच दिवशी बुजवा, आणि मुख्य वाट पक्की ठेवण्यामागे हेही एक कारण आहे. वरून धाडकन पडणारं काही नको, नारळ, ताडाच्या झावळ्या. गवत कापायचं मशीन आणि जनरेटरची चाचणी यांची वेळ ठरवून फळ्यावर लिहा. दिवाळी आणि लग्नसराईत बाहेर फटाके असणारच, तेव्हा आतल्या चौकातली जागा उपयोगी येते. डेन्मार्कमधे कोपनहेगन विद्यापीठाची नाकाडिया नावाची थेरपी बाग आहे, तिथे पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मनाला लागून राहणारा त्रास) असलेल्या माजी सैनिकांबरोबर काम झालंय. एकट्याने गप्प बसायची मुभा देणारी एक तरी जागा आपल्याकडेही हवी. तिथे बसलेल्याशी कुणी बोलायचं नाही, हे स्टाफला आधी सांगून ठेवा.

८. पाणी

थोडक्यात. उघडं तळं नको, डास होतात आणि चाक जातं. तुषार उडवणारं कारंजं पण नको, साचलेल्या पाण्याच्या बारीक थेंबांतून फुफ्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. दगडावरून पातळ धार खाली गोट्यांच्या झाकलेल्या टाकीत पडते आणि तेच पाणी परत वर जातं, एवढं पुरे. आवाज झऱ्यासारखा यावा, नळ उघडा राहिल्यासारखा नाही, म्हणून धार बसवताना एखादा डोळे गेलेला पेशंट शेजारी घ्या आणि तो "आता बरोबर" म्हणेपर्यंत दगड हलवत राहा.

९. रात्र

झोप न येणं हा इथला सगळ्यात मोठा आजार आहे आणि बागा मात्र सातला कुलूपबंद. ओसरी आणि आतला चौक रात्रभर उघडा ठेवा. दिवे गुडघ्याच्या उंचीचे, पिवळे, खाली बघणारे. बेल हाताशी. पहारेकऱ्याला सांगा की टॉर्च कुणाच्या तोंडावर मारायचा नाही आणि मागून यायचं नाही, लांबूनच आवाज द्यायचा. रातराणी खाटांपासून लांब ठेवा, तिचा वास काहींना अजिबात सोसत नाही. मोगरा चालतो.

१०. पैसे आणि पहिलं वर्ष

बांधकामाच्या बजेटमधे बाग शेवटी येते आणि पैसे संपले की सगळ्यात आधी बागच कापतात, म्हणून ओसरी, दारं आणि मुख्य वाट हे बागेत न धरता इमारतीच्याच खर्चात धरा. पहिल्याच दिवसापासून एक पूर्ण वेळ माळी, पगारी, आणि जमलं तर माजी सैनिकच. झाडं जून-जुलैमधे लावा, ठिबक आधी टाका. पालापाचोळ्याचे ढीग वाटेजवळ नकोत, साप.

आणि पहिल्या वर्षी सगळी वाट पक्की करू नका, थोडे पैसे राखून ठेवा. पावसाळा संपला की ऑक्टोबरमधे सकाळी बागेत जाऊन जमीन बघा. हिरवळीवर चाकांच्या जोड-रेघा उमटलेल्या असतील, कुबडीची गोल भोकं असतील, जिथे आपण वाट काढलीच नव्हती तिथे. माझ्या एका कामात त्या रेघा सरळ कुंपणाकडे गेल्या होत्या, तिथून रस्ता दिसायचा आणि शाळेत जाणारी मुलं दिसायची. तिथे बकुळ लावून वाट नेली, बाक टाकला, आणि शेजारी दोन खुर्च्यांची जागा सोडली.